खिडकीबाहेरचा गिलास

पाऊस गेला की आमच्याकडे आधी राख परत येते. पावसाळाभर ती पाण्याबरोबर नालीतून वाहून जाते, डोळ्यांना दिसत नाही. मग एखाद्या सकाळी दोरीवरची चादर ओढावी तर तळहात करडा होतो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. त्यांची राख इतकी बारीक असते की पडताना दिसत नाही, फक्त पडलेली दिसते. ऊन एकदम चढतं. हातगाड्यांवर काळे शिंगाडे येतात, सीताफळं येतात, रस्त्यावर सीताफळाच्या बिया दिसायला लागतात. आणि लोखंडी पेटीतली पांढरी साडी बाहेर निघते. वर्षभर घडीत राहून ती घडीवर पिवळी पडलेली असते. तिला नीळ द्यावी लागते.

यंदा मी बादलीत नीळ कालवत होते तेव्हा फोन वाजला. शांताबाईंचा होता, मौद्याहून. शांताबाई म्हणजे माझ्या मोठ्या नणंद.

"सुमन," त्या म्हणाल्या, "दीक्षेच्या दिवसाले येऊ का वं आम्ही?"

येऊ का, असं त्यांनी आधी कधीच विचारलं नव्हतं. बापाचं घर आहे त्यांचं. पूर्वी त्या फोनसुद्धा करत नसत. दसऱ्याच्या दोन दिवस आधी दारात ऑटो थांबायचा आणि त्यांचा आवाज आत यायचा, "घरी हाय का कोनी, का सारे मेले?" आता दोन वर्षं झाली, त्या आल्या नाहीत.

मला पटकन बोलता येत नाही. समोर माणूस असलं तरी नाही, फोनवर तर नाहीच. "बाई, नळ सुरू आहे, मग करते," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. नळ सुरू नव्हता. बादलीत पाणी निळं झालं होतं. त्यात साडी बुडवली आणि बघत बसले.

*

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मामाजी, म्हणजे माझे सासरे, असायचे. मागच्या खोलीत मुलगा आणि सून. मधला बोळ म्हणजे स्वयंपाकघर, मी तिथेच झोपते. स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून शहाबादी फरशीचा एक तुकडा बसवलेला आहे, भांडी निथळत ठेवायला. त्याच्या खाली अंगणातला नळ. संडास एकच, अंगणाच्या टोकाला. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर मला माहेरी जायचं का, असं कोणी विचारलं नाही आणि मामाजींनी विचारू दिलं नाही. ते कोराडीच्या कारखान्यात कोळशाच्या यार्डावर होते. रिटायर झाल्यावर रोज सकाळी पेपर वाचायचे आणि अर्धा मला वाचायला लावायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली. अडखळले की म्हणायचे, "थांब, घाई काहाची हाय? तो पेपर काई पयून नाही राहिला."

शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या किडन्या अधू झाल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं. सकाळी मी एक बाटली भरून त्यांच्या खुर्चीपाशी ठेवायची, दिवसभर तेवढंच. ऑक्टोबरच्या उन्हात तेवढ्या पाण्यावर राहायचं म्हणजे काय ते मी बघितलं आहे. ते घोट घ्यायचे आणि गिळायचे नाहीत, तोंडात धरून बसायचे. कोणी बोलायला आलं की हाताने थांब म्हणायचे. गिळून झालं की मग बोलायचे.

शांताबाई शेवटच्या आल्या त्या वर्षी घरात बाळही होतं. सून पूजाचं, चार महिन्यांचं. सातव्या महिन्यात झालेलं, तळहातावर मावेल एवढं घरी आलेलं. चार महिन्यांनी त्याला कुठे गालावर मांस धरू लागलं होतं. घरात दोनच जीव जपायचे होते, एक पुढच्या खोलीत आणि एक मागच्या खोलीत. मधे मी.

*

त्या दसऱ्याला शांताबाई आल्या तेव्हा नातीला घेऊन आल्या होत्या. परी, सहा वर्षांची. तिच्या आईला सुट्टी मिळाली नाही म्हणून आजीबरोबर आली. ऑटोतून उतरताना पोरीचा चेहरा पिठासारखा होता आणि शांताबाईंच्या पदराला वास येत होता.

"गाडी लागली वं पोट्टीले," त्या म्हणाल्या. "मौद्यापासून इथवर तीनदा ओकली. कंडक्टर म्हने, मावशी, पोरगी हाय का नळ हाय?"

सगळे हसले. परीसुद्धा हसली. गाडी लागते लेकरांना, त्यात काय. मी लिंबू कापून हुंगायला दिलं. थोड्या वेळाने ती उठून खेळायला लागली. संध्याकाळी सगळे एकत्र जेवले. माठावर आमचा एक पितळी गडवा असायचा, लोट्यासारखा, सगळे त्यानेच पाणी घ्यायचे. परीने त्यातूनच पाणी घेतलं, तोंड लावून. बाळाचे पाय हातात घेऊन खेळवले. मामाजींच्या मांडीवर बसून विचारलं, "आबा, तुमचं पानी बाटलीत काहून हाय?"

"मी मोठा सायेब हाय ना," मामाजी म्हणाले. "सायबाले बाटली लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीला जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे. उलट्याही परत. गाडी तर आदल्या दिवशीच थांबली होती.

चौकातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने पोरीची चामडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली, मग घरात आणखी कोण कोण आहे ते विचारलं. मी सांगितलं. मामाजींचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.

"हा पोटाचा व्हायरस दिसतो," तो म्हणाला. "लहान पोरगी दोन-तीन दिवसांत बरी होईल, पाणी आणि पुडीचं मीठ-साखर देत राहा. मला तिची काळजी नाही. ही गोष्ट हाताने पसरते. भांड्याने पसरते, चादरीने पसरते. तुमच्या सासऱ्यांना झालं तर त्यांना पाणी कमी पडूनही चालणार नाही आणि जास्त होऊनही चालणार नाही. समजलं का?"

मी मान हलवली.

"सॅनिटायझरवर राहू नका. यावर त्याचा फारसा उपयोग नाही. साबण आणि वाहतं पाणी. आजारी माणसाची भांडी वेगळी. बाळाला आईचं दूधच, दुसरं काही नाही."

आमच्या दाराशी मोठ्या आजाराच्या वर्षातली सॅनिटायझरची बाटली अजून टांगलेली होती. सगळे येता-जाता तिचं बूड दाबायचे आणि आपण स्वच्छ झालो असं समजायचे. घरी येऊन ती काढली. खिळा राहिला.

*

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. हात आठवतात. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने बोटांची सालं निघाली होती. फरशी पुसायची, पाणी तसंच ठेवायचं, मग पुन्हा साध्या पाण्याने पुसायची. परीच्या चादरी वेगळ्या बादलीत, बादलीवर झाकण. संडासाचा कडीकोयंडा, नळाची तोटी, दाराची कडी. जिथे जिथे हात लागतो ते सगळं दिसायला लागलं मला. एरवी आपण घरात राहतो आणि घर किती ठिकाणी धरतो ते कळत नाही.

पूजा आणि बाळ मागच्या खोलीत बंद. ताट मी उंबऱ्यावर ठेवायची, ती आतून ओढून घ्यायची. "आई, मी जेलमध्ये हाव का?" ती दाराआडून हसायची. मुलगा कारखान्यात ड्यूटीवर जायचा, परत आला की अंगणातच आंघोळ करून आत यायचा. बाळाला मी त्या दिवसांत हात लावला नाही. दाराच्या फटीतून त्याचा एक पाय दिसायचा, गादीवर आपटणारा.

बाळ-बाळंतिणीला आपण वेगळं ठेवतो तेव्हा त्याला कोणी वेगळं ठेवणं म्हणत नाही. त्याला जपणं म्हणतात. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता भांडी घासताना सुचतं. तेव्हा मला काहीच सुचत नव्हतं. मी फक्त करत होते.

परीचं ताट, वाटी आणि गिलास मी खिडकीबाहेरच्या फरशीवर ठेवले. आत ओट्यावर जागा नव्हती आणि खाली नळ होता, तिथेच घासून तिथेच उपडे घालायचे. गिलासावर राख पडू नये म्हणून वर एक झाकणी. मला वाटलं, चांगली सोय झाली.

परी भिंतीला टेकून बसली होती. पोट जरा थांबलं होतं. तिने विचारलं, "आजी, माहा गिलास भाईर काहून हाय?"

"तुला बरं वाटेपर्यंत," मी म्हटलं.

"मंग मले पन भाईर ठेवशीन का?"

मी काही म्हणणार, एवढ्यात पुढच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

*

मामाजी लहानपणचं फार बोलत नसत. एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, तीही एकदाच. त्यांच्या गावात चहाच्या दुकानाच्या भिंतीला बाहेरून एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात कान तुटलेली एक कपबशी असायची. त्यांचे वडील मजुरीहून येताना तिथे थांबायचे, आपली कपबशी आपण काढायची, धरायची, वरून चहा ओतला जायचा, प्यायचा, आपणच धुवायची आणि परत कोनाड्यात ठेवायची. मामाजी तेव्हा एवढेसे होते. त्यांनी विचारलं होतं, बा, आपली कपबशी बाहेर काहून? वडील म्हणाले होते, चाल.

त्याच वडिलांनी त्यांना छप्पन साली खांद्यावर बसवून धम्मदीक्षेला आणलं होतं. उंचावरून त्यांना फक्त पांढरं दिसलं होतं, चारी बाजूंनी पांढरं, असं सांगायचे. त्यानंतर एकही वर्ष त्यांनी चुकवलं नाही. किडन्यांचं सुरू झाल्यावरही ऑटोने जायचे, बाटली घेऊन. त्या वर्षीचा पांढरा सदरा इस्त्री होऊन खिळ्याला टांगलेला होता.

तर खुर्ची सरकली आणि मामाजी स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"हा गिलास तिथं कोनं ठेवला?"

"मी ठेवला," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलं."

"आत घे."

"मामाजी, हा रोग आहे. दुसरं काही नाही. तुम्हाला झाला तर..."

"मले माहीत हाय वं रोग हाय," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "तुले माहीत हाय. डाक्टरले माहीत हाय. या लेकराले माहीत हाय का? तिले फक्त भाईर ठेवलेला गिलास दिसून राहिला."

शांताबाई मधे पडल्या. "बाबा, ऐका ना गा. दोन दिवसांचं तर हाय."

"दोन दिवसांचंच रायते ते," मामाजी म्हणाले. "मंग ते कोनी आत घेत नाही."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. झाकणी काढून ठेवली. गिलास घेतला, माठातून भरला. मी "मामाजी" म्हटलं. मी त्यांच्या अंगाला हात लावू शकत नव्हते, सासरे होते ते, आणि माझ्या हातांना परीच्या चादरी लागलेल्या होत्या. त्यांनी परीकडे पाहत ते पाणी प्यायलं. त्या दिवशी बाटलीतलं मोजकं पाणी त्यांनी सोडून दिलं आणि हे प्यायलं. घोट तोंडात धरला नाही. सरळ प्यायले. गिलास ओट्यावर ठेवला.

"थंड हाय," ते परीला म्हणाले.

परी हसली. तिला वाटलं आबा गंमत करून राहिले.

*

त्या दुपारी मी जुन्या साडीचे काठ फाडले. लाल, हिरवा, पिवळा, जांभळा, मिळेल तो. घरातल्या प्रत्येकाच्या गिलासाला एक चिंधी बांधली. परीचा, शांताबाईंचा, मुलाचा, पूजाचा, मामाजींचा, माझा. आणि सगळेच्या सगळे खिडकीबाहेर फरशीवर ओळीने ठेवले. आत एकही नाही. गडवा माठावरून काढला आणि वर टांगून ठेवला. पाणी मी ओतून देणार, ज्याचा त्याच्या गिलासात.

मामाजींनी येऊन ओळ पाहिली. एकेक चिंधी बोटाने हलवून पाहिली.

"कोनता माहा?"

"निळा."

"हं," ते म्हणाले. "आता बराबर. त्या मोठ्या बिमारीत मी तोंडाले फडकं बांधलं का नाही? बांधलं. काहून? साऱ्यांच्याच तोंडाले होतं."

शांताबाई म्हणाल्या, "मले हा कोनता हिरवा देल्ला वं? शेवाळासारखा."

"तुमच्याच लग्नातल्या साडीचा काठ आहे, बाई," मी म्हटलं.

त्या दिवसांतलं तेवढंच हसणं मला आठवतं.

रात्रीतून शांताबाईंचं पोट बिघडलं. त्यांनी स्वतःच आपलं अंथरूण अंगणाकडच्या कोपऱ्यात नेलं. मग दीक्षेचा दिवस उजाडला. आमच्या गल्लीतून सकाळपासून पांढरी माणसं चालली होती, बायका, लेकरं, म्हातारे, हातात निळे झेंडे. सीताबर्डीकडे जाणाऱ्या बस भरभरून जात होत्या. कोणी कोणी दारातून हाक मारली, "चाला, बाबा!" मामाजी सदरा घालायला उठले. बाही घातली. दुसरी बाही घालता घालता खाली बसले. त्यांना उलटी झाली.

पांढऱ्या सदऱ्यावर. तो सदरा मी नंतर धुतला. डाग राहिला नाही. पांढरे कपडे धुवायला मी हुशार आहे.

मुलगा रिक्षा आणायला धावला. त्या दिवशी रस्ते बंद होते, रिक्षा मिळायला वेळ लागणार होता. मामाजी बसल्या जागेवरून उठले. मला वाटलं संडासला. ते खिडकीपाशी गेले, हात बाहेर काढला आणि ओळीतला निळ्या चिंधीचा गिलास उचलला. पूजाच्या गिलासाच्या शेजारी होता तो. त्यांनी तो फरशीच्या पार टोकाला नेऊन ठेवला, सगळ्यांपासून लांब. गिलास फरशीवर वाजला.

"तो तिथं राहू दे," ते म्हणाले. "लेकराच्या मायच्या गिलासापासून दूर."

मी म्हटलं, "पण तुम्हीच तर..."

"मी सोता ठेवला ना," ते म्हणाले.

मग रिक्षा आली.

*

दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टर थेंब मोजत होते. जास्त नको, कमी नको. किडन्यांचं मशीन लावलं. पोट चार दिवसांत थांबलं, किडन्या परत आल्या नाहीत. ते घरी आले तेव्हा चादरीखाली माणूस आहे की नाही ते बघावं लागायचं. थंडी पडायच्या आत गेले. बाळाला काही झालं नाही. पूजाला नाही, मुलाला नाही. मलाही नाही. लोक म्हणाले, सुमनबाईंनी घर वाचवलं. मी ऐकून घेतलं.

ते त्या गिलासाने झालं की पहिल्या संध्याकाळच्या गडव्याने, हे मी चौकातल्या त्या डॉक्टरला विचारलं होतं. खूप दिवस मनात जुळवून मग विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. दोन्हींनी होऊ शकतं. कदाचित त्यांनी तो गिलास तोंडाला लावला त्याच्या आधीच ते त्यांच्या पोटात असेल.

शांताबाईंना मी ते सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. "म्या आनला तो रोग," एवढंच त्या म्हणत राहिल्या. "गाडी लागली म्हनून हासलो वं आपन." अंत्यविधीला आल्या तेव्हा त्या घरात आल्या नाहीत. अंगणात, नळाजवळ बसून राहिल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. त्यानंतर दोन दसरे गेले.

मला काय वाटलं, ते मला सांगता येत नाही. रडू आलं नाही. सगळे म्हणाले, मन मोकळं कर. मोकळं करायला काही सापडत नव्हतं. हाताची सालं भरून आली, नवी कातडी आली, गुळगुळीत. गरम भांडं धरलं तर आधी काही जाणवायचं नाही, मग उशिरा भाजायचं. तसंच काहीतरी. फक्त अजून भाजलेलं नाही.

फरशीवरचे गिलास एकेक करून आत आले. चिंध्या सुटल्या, काढल्या. निळ्या चिंधीचा टोकाला तसाच राहिला. आत घे, असं कोणी म्हणालं नाही आणि मीही घेतला नाही. त्यांनी स्वतः ठेवला होता. सकाळी त्याच्यावर राखेचा थर असायचा, मी धुवायची, परत तिथेच ठेवायची. पूजाने एकदा विचारलं, "आई, हा असाच ठेवायचा का?" मी म्हटलं, "असू दे." तीन पावसाळे त्याने काढले. चिंधीचा रंग गेला, मग चिंधीच गेली.

*

साडी निळीतून काढून पिळली. वाळत घातली. मग शांताबाईंना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, जणू हातातच धरून बसल्या होत्या.

"या," मी म्हटलं. मग आणखी काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलं, "परीला आणा."

मग त्या म्हणाल्या, "तिले थोडा खोकला हाय वं. चालंन का?"

"खोकलाच ना?" मी म्हटलं. "आणा."

दुसऱ्या दिवशी पिशवीत घरातले गिलास घेऊन बाजारात भांड्यांच्या दुकानी गेले. तिथे दाराशी नावं टाकणारा बसतो, सुई फिरवत. टर्रर्र करत भांड्यावर नाव उमटतं. त्याने पहिला गिलास हातात घेतला आणि विचारलं, "कोनाकडून कोनाले, बाई?" लग्नातल्या भांड्यांवर तसं टाकतात, अमक्याकडून तमक्याला.

"नुसतं नाव टाका," मी म्हटलं. "ज्याचं त्याचं."

त्याने टाकलं. पूजाचं, मुलाचं, बाळाचं, आता बाळ धावतं आणि त्याला स्वतःचा गिलास लागतो. शांता. परी. सुमन. मी नाव सांगताना माझा आवाज बारीक झाला, तो म्हणाला, "जोरात सांगा ना, बाई, सुईचा आवाज रायते." पिशवीत तळाशी खिडकीबाहेरचा गिलासही होता. निघताना मी तो उचलला होता, का ते माहीत नाही. त्याने तोही हातात घेतला. "याच्यावर?"

"आबा," मी म्हटलं.

घरी येऊन सगळे आत, माठाशेजारच्या फळीवर ओळीने ठेवले. घरात आजारी कोणी असो नसो, आता ज्याचा गिलास त्याचाच. आणि सगळे आत. गडवा वरच टांगलेला आहे.

काल दुपारी ऑटो थांबला. "घरी हाय का कोनी" असा आवाज आला नाही. मी बाहेर आले तर शांताबाई पिशवी घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. किती म्हाताऱ्या झाल्या त्या. परी मोठी झाली आहे, समोरचे दात नवे आले आहेत. शांताबाई सरळ अंगणातल्या नळावर गेल्या. साबण घेतला, हात घासले, बोटांच्या बेचक्यात घासले, मनगटापर्यंत घासले. परीचे घासले. परत आपले घासले. मी दारात उभी राहिले. त्यांचं धुणं संपेना.

"बाई, झाले हात," मी म्हटलं. "आत या."

त्या आल्या. उंबऱ्याशी थांबल्या, मग आल्या. पुढच्या खोलीतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं नाही, खाली बसल्या. परी स्वयंपाकघरात गेली. फळीवरची नावं ती बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. आपलं आलं तेव्हा ओरडली, "आजी, माहा गिलास हाय इथं!" मग पुढे वाचत गेली. शेवटच्यापाशी थांबली.

"आजी," तिने मला विचारलं, "आबाचा कोरडा काहून हाय?"

बाकीच्या गिलासांत मी पाणी भरून ठेवलं होतं, माणसं येणार म्हणून. त्यात भरलं नव्हतं.

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. गिलास उचलला, माठाची तोटी फिरवली, भरला आणि तोंडाला लावला. शांताबाई एकदम उठल्या, "अवं पोट्टे!" त्यांचा हात पुढे गेला. मी तो हात धरला. ओला होता, साबणाचा वास येत होता. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

परी सगळं पाणी प्यायली. हनुवटीवरून थोडं ओघळलं, ते मनगटाने पुसलं. मग तिने गिलास विसळला, जिथून काढला होता तिथेच, आत, ओळीत ठेवला, आणि बाळाला शोधायला मागच्या खोलीत पळाली.